घोडबंदर रोडवरच्या त्या रात्रीच्या माणसांचे आभार

कासारवडवलीजवळ माझ्या धाकट्या भावाची बाईक घसरली आणि मांडीतून रक्ताची धार लागली. ज्या ताईंनी दवाखाना येईपर्यंत ओढणीचा बोळा जखमेवरून हलू दिला नाही आणि ज्या रिक्षावाल्या दादांनी भाडं घेतलं नाही, त्यांचे आधी आभार.

आणि आयसीयूतल्या सिस्टर, तुमचे. मॉनिटरवर बीपी ११० बघून मला हायसं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "दादा, तरुण माणसाचं बीपी उशिरा पडतं. नाडी बघा, १३० आहे." हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून शरीर बीपी सावरून धरतं, हे तेव्हा कळलं. तुम्ही त्याचं नख दाबून सोडायचात. दोन सेकंदांत परतायला हवा तो गुलाबी रंग किती रेंगाळत होता! दर तासाला लघवीची पिशवी मोजत होतात. त्याच्या साठ किलोला निदान ३० मिली हवी. पहाटे ४० भरली, शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं लॅक्टेटही उतरलं, तेव्हा तुम्ही त्याचा गुडघा चाचपून म्हणालात, "गरम झालाय बघा."

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ज्यांच्या रक्ताच्या चार पिशव्या त्याला चढल्या, त्यांची तर नावं कळणारच नाहीत. काल तो काठी टेकत गेटपर्यंत चालत गेला.