खरिपाचा बटाटा खरिपातच पारखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून आला की बटाटा बेण्याच्या भावाच्या बातम्या येतात. वाणाबद्दल मात्र कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

आंबेगाव-खेडच्या पठारी भागात बटाटा पावसाळ्यात होतो आणि बेणे येते पंजाबातून. तिकडे सप्टेंबरअखेर लागण होते, पुढे दिवस आखडतात, रात्री गार होतात, आणि कुफ्री पुखराज ७०-७५ दिवसांत काढता येतो. तोच वाण आमच्याकडे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांत मातीत जातो. मोठा दिवस आणि उबदार रात्र मिळाली की झाड नुसता पाला वाढवत बसते. साठाव्या दिवशी वरंबा उकरला तर हाती लागतात गोट्या. अंगठा फिरवला की साल सुटते. अशी कोवळी काढणी केली तर माल मार्केटला जाईतो काळवंडतो. थांबावे तर पाला जाळणारा करपा रोग गाठतो, शिवाय बटाट्यानंतरची रब्बी ज्वारी ओल उडाल्यावर पेरावी लागते.

पठारासाठी वाण काढता येतो, हे १९७२ च्या ‘कुफ्री लवकर’ने दाखवले होते. त्याला पन्नास वर्षे उलटली! २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी लवकर पोसण्यामागचा एक जनुक शोधला. त्याचे तुटके रूप असलेले झाड दिवस मोठा असला तरी कंद धरते. पण लवकर येणारा बटाटा बहुधा करप्याला हळवा असतो, हीच खरी मेख आहे. त्यात बटाट्याला गुणसूत्रांचे चार संच, त्यामुळे हजारो रोपांतून मनासारखे एखादेच निघते. संकरापासून वाण शेतकऱ्याच्या हाती येईपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात.

संकर हिमाचलातल्या कुफ्री गावाच्या थंडीतच व्हावेत, तिथे बटाटा नीट फुलतो, फळ धरतो. निवड मात्र सुरुवातीच्या पिढ्यांपासून पठारावर, भर पावसात व्हावी. उत्तरेच्या हिवाळ्यात पास झालेला वाण शेवटी आमच्याकडे चाचणीला पाठवून काय उपयोग? जी रोपे आमच्या कामाची, ती तिकडेच बाद झालेली असतात. आणि शिफारशीत ‘लवकर येणारा’ एवढेच नको. खरिपातले सत्तराव्या दिवसाचे एकरी वजन आणि करप्याची नोंद शेजारी-शेजारी छापा.

– एक बटाटा उत्पादक, ता. आंबेगाव, जि. पुणे