कितवी आलीस?

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी सायकल शर्यतीनंतर फोनवर बाबांनी विचारलं, "कितवी आलीस?" मी म्हणाले, "सत्तेचाळिसावी." पलीकडे थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग आईने फोन घेतला आणि विचारलं, "पडली नाहीस ना?" नाही आई, पडले नाही. कुठे खरचटलंसुद्धा नाही. पण बाबांच्या त्या गप्प राहण्याला मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. हल्ली त्यांना फोनवर अर्धंच ऐकू येतं, आणि ही गोष्ट अर्धी ऐकून कळायची नाही. म्हणून पत्र लिहितेय, मोठ्या अक्षरात.

बाबा, शाळेतल्या पहिल्या धावण्याच्या शर्यतीपासूनचे माझे सगळे नंबर तुम्ही त्या वहीत लिहून ठेवलेत. रविवारीही पेन्सिल हातात असणार, मला माहीत आहे. पण रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत नंबर एकेकटीचा लागत असला, तरी शर्यत आम्ही सहाजणी मिळून खेळतो.

सगळा खेळ वाऱ्याचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना पायांतली बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो. जी पुढे असते ती हे सगळं अंगावर घेते. तिच्या मागच्या चाकाला चिकटून, हातभर अंतर ठेवून जी येते, तिची साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कोणाला जिंकायचं असेल, तर त्याआधी कित्येक किलोमीटर दुसऱ्या कोणीतरी वारा खायला हवा.

आमच्यात अशी शेवटी सुसाट सुटणारी एकच आहे, आमची स्प्रिंटर. बाकी पाचजणींनी तिला आडोसा द्यायचा, दुसऱ्या टीमची कोणी निसटली तर तिच्या मागावर जायचं, आणि शेवटी स्प्रिंटरला पुढे आणून सोडायचं, असं ठरलं होतं. पण ही मोसमातली पहिलीच शर्यत. आम्ही सगळ्या नोकरी सांभाळून सायकल चालवणाऱ्या. हिवाळाभर एकेकटीने, बऱ्याचदा घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येते त्या स्टँडवर, घाम गाळलेला. अशा वेळी कोणाच्या पायांत किती दम आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, स्वतःलासुद्धा.

२२ किलोमीटरच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्याच फेरीत मी चुकले. मोकळ्या माळावर वारा बाजूने येत होता. बाजूच्या वाऱ्यात बरोबर मागे राहून आडोसा मिळत नाही, तिरकं राहावं लागतं, म्हणून रस्ताभर तिरकी रांग होते. पुढचीने थोडा वेळ ओढायचं, म्हणजे पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मग वाऱ्याच्या अंगाला सरकून मागे यायचं, आणि तिच्या मागचीने तिची जागा घ्यायची. माझी पाळी आली तेव्हा मी पुढे जाताच वेग वाढवला. जोर दाखवायचा नव्हता, फक्त अंगात उत्साह मावत नव्हता. पण नुकतीच ओढून थकलेली, रांगेच्या शेपटीला लागायला निघालेली आमचीच मुलगी त्यामुळे मागे पडली. "वाढवू नकोस, आहे तोच धर!" कॅप्टन ओरडली. एवढं साधं वाक्य, पण ते अंगात मुरायला मला दोन फेऱ्या लागल्या. जोरात चालवणं त्या मानाने सोपं आहे, बाबा. मागचीला झेपेल असं, एकसारखं चालवणं फार अवघड.

तिसऱ्या फेरीत एका वळणावर दहा-बाराजणी एकमेकींवर आदळल्या. आई, मी त्यांच्या पुढे होते, घाबरू नकोस. आमची स्प्रिंटर पडली नाही, पण अडकली, आणि तिची साखळी उतरली. कॅप्टनने मागे वळून डोकी मोजली आणि मला एवढंच म्हणाली, "तू थांब."

खरं सांगते, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी माझे पाय छान चालत होते. चढावर मी पहिल्या पंधरांत होते. आणि मला पाय थांबवायचे होते! घोळका दोन्ही बाजूंनी सरसरत निघून गेला, मागे एकदम शांतता झाली, आणि मी रिकाम्या रस्त्यावर हळूहळू जात मागे बघत राहिले. ती दिसली. मी म्हणाले, "लाग मागे." पुढचे सात किलोमीटर मी ओढलं. मध्येच ती पाळी घ्यायला पुढे येऊ लागली, तेव्हा मी हातानेच तिला मागे राहायला सांगितलं. तिचे पाय शेवटासाठी हवे होते. घोळक्याची शेपटी गाठली, कडेकडेने तिला वर कॅप्टनपर्यंत नेलं, आणि पुढच्याच चढावर माझे पाय संपले. शेवटचे बारा किलोमीटर मी एकटीने केले.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक खरी गोष्ट सांगते. १९३४च्या तूर द फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीत, रेने व्हिएतो नावाचा २० वर्षांचा पोरगा होता, पहिलीच तूर, डोंगरात सगळ्यांना भारी पडणारा. पिरेनीज डोंगरांतल्या एका उतारावर त्याच्या टीमचा म्होरक्या, आंतोनें मान्य नावाचा, पडला आणि त्याचं चाक मोडलं. व्हिएतोने स्वतःचं पुढचं चाक काढून दिलं आणि मदतीच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर बसून रडला. तो फोटो आजही लोकांना आठवतो. दुसऱ्या दिवशी मान्यची सायकल पुन्हा बिघडली. पुढे गेलेला व्हिएतो उलटा वळला, घाट चढून मागे आला आणि त्याने आपली सायकलच देऊन टाकली. मान्यने ती तूर जिंकली. व्हिएतो पाचवा आला. त्याला तूर कधीच जिंकता आली नाही.

मला तो फोटो आधीपासून माहीत होता. पण तो का रडला असेल हे मला त्या रिकाम्या रस्त्यावर कळलं. चाक त्याने मनापासून दिलं होतं, आणि रडूही मनापासूनच आलं होतं.

शेवट मी पाहिला नाही, मागाहून ऐकला. कॅप्टनने शेवटच्या किलोमीटरला जीव तोडून ओढलं, दुसरीने अडीचशे मीटरपर्यंत नेलं, आणि मग आमची पोरगी सुटली. तिसरी आली! मी पोचले तेव्हा ती अजून जमिनीवर बसून धापा टाकत होती. मला बघून उठली आणि काही न बोलता तिने माझी सायकल धरली, मला उतरता यावं म्हणून. बक्षीस आम्ही सहाजणींत सारखं वाटून घेतलं. सायकलवाल्यांत ही जुनी रीत आहे.

तर बाबा, वही काढा. तिचा ३, माझा ४७. दोन्ही एकाच ओळीत लिहा.

तुमची,
लेक