हयातीचा दाखला आणि अडीच महिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावरील केमोथेरपीविषयीचा कालच्या अंकातील लेख मी दोनदा वाचला. इरिब्युलिनच्या चाचणीचे आकडे लेखकमहाशयांनी चोख दिले आहेत. ७६२ स्त्रियांपैकी हे औषध मिळालेल्या निम्म्या १३.१ महिन्यांहून अधिक जगल्या आणि अन्य उपचार मिळालेल्यांत हाच आकडा १०.६ होता. मात्र त्या स्त्रिया स्वतःचे स्वतः आवरणाऱ्या, दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणाबाहेर काढणाऱ्या होत्या, आणि वाढलेल्या अडीच महिन्यांत घरी काय घडते, याविषयी लेखात अवाक्षर नाही.

माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, वयाच्या ७१व्या वर्षी कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या गोळ्या घेत होती. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, चार सकाळी आणि चार रात्री. दोन आठवडे गोळ्या, एक आठवडा विश्रांती. तिसऱ्या फेरीत तळहात-तळपाय लालबुंद होऊन बोटांची सालपटे निघू लागली आणि चहाची कपबशीसुद्धा तिला धरवेना. नेमका नोव्हेंबर आला. हयातीच्या दाखल्यासाठी मी ताईला रिक्षाने बँकेत नेले, तर यंत्राने तिचे एकही बोट ओळखले नाही. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी ‘बोट नीट पुसून, जोर देऊन लावा’ असे तीनदा सुनावले. सोललेल्या बोटाने जोर कसा द्यावा, हे त्यांनी सांगितले नाही. ताई समोर खुर्चीत बसलेली असूनही यंत्राच्या लेखी हयात नव्हती. या औषधाने बोटांचे ठसे पुसले जातात आणि त्यापायी सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडवले होते, हे २००९ सालीच छापून आले आहे. कागदावरचा दाखलाही चालतो, हे आम्हाला तिसऱ्या खेपेस कळले.

पुढे डॉक्टरांनी मात्रा तीन-तीन गोळ्यांवर आणली, तेव्हा आपण परीक्षेत नापास झालो असे ताईला वाटले. ही मात्रा अनेकांना कमी करावी लागते, एवढे एक वाक्य तिला आधी कोणी सांगितले असते, तर तिच्या काही रात्री बऱ्या गेल्या असत्या. असे वाक्य लेखात सहज मावले असते.

जाता जाता, त्याच पानावर लेखाच्या खाली ‘कर्करोग मुळापासून बरा’ अशी चौकट आहे. कर्करोगावरच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला ठाऊक असेलच. ताईच्या अंगठ्याएवढा मजकूर लेखात बसला नाही, पण त्या चौकटीला जागा कशी निघाली, हे कृपया कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
रामबाग, इंदूर