‘ह्येला दम होता काय?’

कौलून, हाँगकाँग
२० जुलै

तीर्थरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुमचा आवाज चढलेला होता. घरातल्या धाकट्याने तालमीत यायचे सोडून शहरातल्या कराटेच्या क्लासचा हट्ट धरला आहे आणि खोलीच्या भिंतीवर ब्रूस लीचे चित्र चिकटवले आहे, हे सांगताना तुम्ही मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेत : “तू त्येच्याच गावात हाईस न्हवं? मग सांग, ह्येला दम होता काय, का नुसता शिनमा?” मी तेव्हा कामावर होतो, आणि प्रश्नही असा होता की त्याचे दोन वाक्यांत दिलेले उत्तर तुम्हाला पटले नसते. म्हणून आज सुटीच्या दिवशी सविस्तर लिहायला बसलो आहे.

तुम्हाला आठवते का ते माहीत नाही, पण मी चौथीत असताना बेळगावच्या कॅम्पातल्या टॉकीजमध्ये ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ दाखवायला तुम्हीच मला सायकलवरून नेले होते. सगळे थिएटर शिट्ट्या मारत होते आणि तुम्ही मात्र आनंदवाडीच्या आखाड्यात पंच बसावा तसे हाताची घडी घालून बसला होता. मध्यंतरात शेंगांची पुडी माझ्या हातात देत तुम्ही म्हणालात, “वजन काय असंल रं ह्येचं?” आणि थोड्या वेळाने, जरा नाखुशीनेच, “पोटाकडं बघ, मेहनत हाय.” त्याचे वजन ऐन भरात सुमारे ६४ किलो होते, तात्या. पुढे जे लिहिणार आहे ते बहुतेक सगळे तुमच्या त्या दुसऱ्या वाक्यावरचेच आहे.

आधी तुमच्या बाजूचा पुरावा देतो. ब्रूस ली हा मुळात सिनेमातलाच होता. त्याचे वडील ली होई-चुएन हे कँटोनी संगीत नाटकातले नावाजलेले नट. आपल्याकडे जशा नाटक कंपन्या गावोगाव मुक्काम करत, तशी त्यांची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या इस्पितळात हा मुलगा जन्मला. काही महिन्यांचा असतानाच एका चित्रपटात तान्हे बाळ म्हणून त्याला पडद्यावर आणले गेले, आणि पुढे हाँगकाँगमध्ये वाढताना अठराव्या वर्षापर्यंत त्याने वीसेक चित्रपटांत कामे केली. त्या वेळच्या चित्रपटांत तो लाथा मारणारा वीर नव्हता, अनाथ किंवा वाया गेलेले पोर होता. इथले लोक त्याला ‘सिउ लुंग’, म्हणजे ‘छोटा ड्रॅगन’, या नावाने तेव्हापासून ओळखतात.

मारामारी तो शिकला ती रस्त्यावरच्या पोरांच्या टोळ्यांत मार खाऊन आणि देऊन. तेरा-चौदाव्या वर्षी तो इप मॅन या वस्तादाकडे ‘विंग चुन’ नावाची विद्या शिकायला जाऊ लागला. हात छातीजवळ ठेवून, समोरच्याच्या हाताला आपला हात चिकटवून, त्याचा जोर कुठून येतो ते स्पर्शानेच ओळखायचे, असा त्या विद्येचा एक अभ्यास आहे; तो पाहताना मला खडाखडीला उभे राहिलेले दोन मल्ल आठवतात. १९५८ साली त्याने शाळाशाळांमधली मुष्टियुद्धाची स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी चा-चा नाचाची हाँगकाँगची स्पर्धाही जिंकली. नाचाचे नाव काढताच तुम्ही हसाल हे ठाऊक आहे, पण त्याच्या पायांतली लय त्या नाचाने पक्की केली असे माझे मत आहे. पोराची भांडणे पोलिसांपर्यंत पोचू लागल्यावर १९५९ मध्ये आई-वडिलांनी खिशात शंभर डॉलर देऊन त्याला अमेरिकेला धाडले. सिएटलमध्ये तो एका हॉटेलात राबला, विद्यापीठात दाखल झाला आणि येईल त्याला ही विद्या शिकवू लागला.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. त्याच्या नावावर व्यावसायिक कुस्त्या किंवा लढती नाहीत, कुठली गदा किंवा पट्टा नाही. मात्र १९६४ च्या अखेरीस ओकलंडमध्ये बंद दाराआड वाँग जॅक मॅन नावाच्या दुसऱ्या वस्तादाशी त्याची एक झुंज झाली. ती कशावरून झाली आणि कशी संपली, याबद्दल दोन्ही बाजूंनी पुढे वेगवेगळे सांगितले. ब्रूस लीची बायको लिंडा त्या खोलीत हजर होती. तिच्या सांगण्याप्रमाणे तीनेक मिनिटांत प्रतिस्पर्धी पळू लागला, त्याला याने पाठलाग करून खाली पाडले आणि हार कबूल करायला लावली. पण जिंकल्यावरही हा खूश नव्हता. झुंज काही सेकंदांत संपायला हवी होती ती लांबली, आणि आपल्याला धाप लागली, हे त्याला सलत राहिले. तात्या, दम नाही हे त्याचे त्यालाच कळले होते, आणि तेही चितपट होऊन नव्हे तर जिंकून. आपल्या तालमीत मैदान मारून आल्यावर गुलाल धुवायच्या आधी स्वतःची चूक शोधणारे किती पोरगे तुम्हाला भेटले?

त्यानंतर त्याने आपली मेहनतच बदलली. रोज काही मैल धावणे, सायकल, दोरीवरच्या उड्या, वजने आणि पोटाचे व्यायाम, आणि या सगळ्याची वहीत नोंद. आणि आता ऐका. आपल्या तालमीत मारुतीच्या तसबिरीशेजारी ज्याचा फोटो तुम्ही दसऱ्याला हार घालून पुजता, त्या गामा पहिलवानावरचे लेख या माणसाने मिळवून वाचले होते आणि गामाच्या बैठका आपल्या व्यायामात घेतल्या होत्या. ज्याला ते लोक मांजराची ताण म्हणतात, म्हणजे मागे रेललेले अंग जमिनीलगत सरकवत छाती वर काढायची, तो आपला साधा जोर आहे. हे वाचले त्या रात्री मी इथल्या सव्वीसाव्या मजल्यावरच्या खोलीत, टेबल भिंतीला सरकवून, वीस जोर मारून पाहिले. बाराव्यालाच छाती भरून आली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्याकडे जरा संशयाने पाहिले, ते सोडा.

डावांबद्दलही त्याचे मत त्या झुंजीनंतर पालटले. ठरलेल्या पवित्र्यांची साखळी पाठ करून लढता येत नाही, ज्याच्या-त्याच्या अंगाला जे लागू पडते ते घ्यावे आणि बाकीचे टाकावे, असे तो म्हणू लागला आणि १९६७ पासून त्याने आपल्या पद्धतीला ‘जीत कुन दो’, म्हणजे वार अडवणाऱ्या मुठीची वाट, असे नाव दिले. तुम्हीही उंच पोराला ढाक आणि बुटक्याला एकलंगी शिकवता, सगळ्यांना एकच डाव घोटायला लावत नाही. १९७० मध्ये मात्र त्याने अशी चूक केली, जिच्यासाठी तुम्ही पाठीत रट्टा घातला असता : अंग गरम न करता, जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका भार खांद्यावर घेऊन तो कमरेत वाकला आणि पाठीची नस दुखावून बसला. पुन्हा लाथ मारता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. काही महिने अंथरुणावर पडून त्याने वह्याच्या वह्या भरल्या, त्यांतून पुढे १९७५ साली, त्याच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघाले. पाठ त्याला शेवटपर्यंत त्रास देत राहिली, पण तो पुन्हा उभा राहिला.

चित्रपटांचे फार लिहीत नाही, धाकटा तुम्हाला ते पाठ म्हणून दाखवील. अमेरिकेत १९६६-६७ मध्ये ‘द ग्रीन हॉर्नेट’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्याला नायकाच्या चाकराचे काम मिळाले होते, आणि त्याचे हात कॅमेऱ्यात धूसर दिसतात म्हणून त्याला हळू मारायला सांगावे लागे. मुख्य भूमिका तिकडे कोणी देईना, तेव्हा तो हाँगकाँगला परतला आणि रेमंड चाऊ यांच्या गोल्डन हार्वेस्ट कंपनीशी त्याने दोन चित्रपटांचा पंधरा हजार डॉलरांचा करार केला. १९७१ च्या ‘द बिग बॉस’ने इथला ‘द साउंड ऑफ म्युझिक’चा उत्पन्नाचा विक्रम मोडला. १९७२ चा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ मी इथे आल्यावरच पाहिला. शांघायमधल्या बागेच्या फाटकावर कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव असल्याची पाटी असते, आणि हा उडी मारून ती लाथेने फोडतो. इथला माझा चिनी सहकारी त्या जागी खुर्चीतून अर्धा उठला. पाटी म्हणजे काय असते, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मीही उठलोच होतो. त्याच वर्षी ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ त्याने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्यात रोमच्या कोलोसियममध्ये अमेरिकी कराटेपटू चक नॉरिसशी त्याची झुंज आहे. ती अवश्य बघा, कारण मार खाल्ल्यावर तो मध्येच आपली चाल बदलतो, आणि ते तुमच्याच डोळ्याला दिसेल.

आजची तारीख मी मुद्दाम वर ठळक लिहिली. १० मे १९७३ रोजी आवाज भरण्याचे काम चालू असताना तो कोसळला होता, मेंदूला सूज आली होती, तेव्हा वाचला. २० जुलैला कौलून टाँगमध्ये एका अभिनेत्रीच्या घरी डोके दुखते म्हणून त्याने वेदनाशामक गोळी घेतली, तो झोपला तो उठला नाही. वय अवघे ३२. मेंदूला पुन्हा सूज आली होती. विषप्रयोगापासून शापापर्यंत लोक वाटेल ते बोलतात, पण चौकशीचा निर्णय अपघाती मृत्यू असा आहे. त्याला सिएटलमध्ये पुरले, आणि १९९३ साली चित्रीकरणात बंदुकीच्या अपघाताने गेलेला त्याचा मुलगा ब्रँडन त्याच्या शेजारीच आहे. ‘एंटर द ड्रॅगन’चे यश बापाला बघायला मिळाले नाही. त्याचा कौलून टाँगमधला बंगलाही २०१९ मध्ये पाडला. मी एकदा त्या रस्त्याने मुद्दाम गेलो होतो.

समुद्राकाठी २००५ साली चाहत्यांनी पैसे जमवून त्याचा ब्राँझचा पुतळा उभा केला आहे. आज सकाळी तिथे गेलो. पुतळ्यापुढे फुले होती, आणि एक म्हातारा चिनी गृहस्थ बनियनवर, कोणाकडेही न बघता, सावकाश हातवारे करत व्यायाम करत होता. फोटो धाकट्याच्या फोनवर पाठवला आहे. त्याच्याकडून मोठा करून घ्या आणि चेहऱ्याकडे न बघता पोटऱ्यांकडे बघा, मग दम होता की नव्हता ते तुम्हीच ठरवा.

क्लासची फी मी भरतो, त्यावरून घरात वाद नको. फक्त पहाटे त्याला तुमच्याकडे पाठवायला वहिनीला सांगा, आणि भिंतीवरचा तो माणूस गामाच्या बैठका मारत होता एवढेच त्याच्या कानावर घाला. भातलावण उरकली का, आणि पहिल्या आठवड्यात पोराने किती बैठका काढल्या, तो आकडा कळवा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा पुतण्या