आरोग्यधामे ओस का पडली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नुकतेच सीमाभागातील एका ओसाड क्षयरोग आरोग्यधामाविषयी वृत्त आले होते. कौले उतरवून नेलेले छप्पर, वऱ्हांड्यात वाढलेली झाडे आणि रात्री तेथे जमणारी टोळकी यांबद्दलची तक्रार रास्तच आहे. मात्र त्या वास्तूला ‘भूतबंगला’ म्हणणे आणि ती केवळ सरकारी अनास्थेमुळे बंद पडली असे लिहिणे मला पटले नाही. मी क्षयरोग विभागात हेल्थ व्हिजिटर (रुग्णांच्या घरी जाऊन पाठपुरावा करणारा कर्मचारी) म्हणून चिकोडी आणि रायबाग तालुक्यांत नोकरी केली असल्याने या विषयावर चार शब्द लिहिण्याची परवानगी घेतो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, तरी त्या जंतूला मारणारे औषध हाती यायला पुढे साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला. या मधल्या काळात डॉक्टरांच्या हाती कोरडी मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि दूध-अंड्यांचा आहार एवढेच होते. आणि त्यासाठी रुग्णाला घरापासून दूर ठेवणारी आरोग्यधामे युरोपात व नंतर आपल्याकडे उभी राहिली. जागा निवडताना नुसता गारवा पाहिला जात नसे. आंबोली बेळगावपासून जवळ आणि थंड, पण पावसाळ्यात तेथे दिवसचे दिवस धुके आणि ओल असते. म्हणून छातीच्या रुग्णांसाठी सह्याद्रीच्या पूर्वेकडचा, पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख पसंत केला जाई. महाबळेश्वर सोडून पाचगणीला क्षयरोग्यांची वस्ती का झाली, याचेही उत्तर यातच आहे, डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ साली आपले आरोग्यधाम पाचगणीलाच काढले. बेळगावला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत आणि हवापालटासाठी लोक येथे येत, हे खरे आहे. परंतु आपल्या भागातील क्षयरोगी मोठ्या संख्येने रेल्वेने मिरजेच्या दिशेने जात. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले, पुढे सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम झाले, आणि त्या वस्तीचे नाव आजही वानलेसवाडी आहे. रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ या स्थानकांवरून अंथरूण-पांघरूण व शिदोरी घेऊन मिरजेची गाडी पकडणाऱ्या रुग्णांच्या आठवणी माझ्या नोकरीच्या काळात अनेक वृद्धांनी मला सांगितल्या आहेत.

आरोग्यधामातले जीवन कसे होते, हे नव्या पिढीला ठाऊक नाही. खाटा उघड्या वऱ्हांड्यात असत, थंडीतही रुग्ण तेथेच झोपत, दिवसातून अनेकदा ताप मोजून तक्त्यावर लिहिला जाई, आणि दुपारच्या विश्रांतीच्या तासांत बोलण्यासही मनाई असे. बेडका झाकणाच्या भांड्यात घेऊन जाळला जाई. काही रुग्णांच्या छातीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस दाबून ठेवत, जेणेकरून त्याला विश्रांती मिळावी. ही हवा शोषली जाई, म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावी लागे. ज्यांना तेही लागू पडत नसे, त्यांच्या बरगड्यांचे भाग शस्त्रक्रियेने काढून छातीची एक बाजू कायमची खचवत. इतके सोसूनही बरे होण्याची शाश्वती नव्हती. शिवाय घरात क्षय आहे हे कळले की मुलींची लग्ने मोडत, म्हणून पुष्कळ कुटुंबे ‘हवा बदलायला गेला आहे’ एवढेच शेजाऱ्यांना सांगत. काही रुग्ण महिनोन्‌महिने, काही वर्षानुवर्षे तेथे राहिले आणि काहींना न्यायला कोणी आलेच नाही. ज्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार जंतूंच्या सान्निध्यात आयुष्यभर राहिले, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

मग ही ठिकाणे ओस का पडली? १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, त्यानंतर ‘पास’ (पॅरा-अमिनो सॅलिसिलिक ॲसिड) आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही औषधे आली. तरीही रुग्णाला आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे, हा समज जगभर कायम होता. भारतापुढील अडचण अशी होती की संसर्गजन्य रुग्ण लाखांच्या घरात आणि खाटा मात्र काही हजार. आणि १९५५ ते १९५८ या काळातील राष्ट्रीय पाहणीने क्षय शहरांइतकाच खेड्यांतही पसरला असल्याचे दाखवून दिले होते. तेव्हा मद्रासमध्ये १९५६ साली भारतीय व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदा, मद्रास सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून एक प्रयोग हाती घेतला. शहरातील १९३ गरीब रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच, वर्षभर तीच औषधे देण्यात आली. आरोग्यधामातील रुग्णांना आहार अधिक चांगला आणि विश्रांती अधिक मिळत होती, तरी वर्षअखेरीस दोन्ही गटांतील बरे होण्याच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. घरच्या माणसांना अधिक लागण होईल ही भीतीही पुढील पाठपुराव्यात खरी ठरली नाही. हे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी बंगळुरात राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली आणि १९६२ पासून जिल्हा क्षयरोग केंद्रांमार्फत घरी राहून उपचार घेण्याची पद्धत देशभर आली. आरोग्यधामांच्या खाटा हळूहळू रिकाम्या होत गेल्या, कारण बाप आपल्या मुलांत आणि आई आपल्या तान्ह्याजवळ राहून बरी होऊ लागली. इमारतींची नंतर झालेली हेळसांड निंद्यच आहे, परंतु त्या रिकाम्या होण्याचे कारण आपण अभिमानाने सांगावे असे आहे.

आपल्या सीमाभागात या इतिहासाची आणखी एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि मिरज मुंबई राज्यातच राहिले. रुग्ण एका राज्यातले आणि ज्या दवाखान्यात ते बरे झाले तो दुसऱ्या राज्यातला, अशी स्थिती झाली. मिरज तर त्याआधी १९४८ पर्यंत संस्थान होते. परिणामी या विषयाची कागदपत्रे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असून ती मुंबई, बंगळूर आणि मिशनच्या दप्तरांत विखुरलेली आहेत. भाषेचा वाद ज्यांना घालायचा आहे त्यांनी तो अन्यत्र घालावा. आरोग्यधामाच्या वऱ्हांड्यात मराठी आणि कन्नड बोलणारे रुग्ण एकमेकांशेजारी खोकत होते आणि एकमेकांची पत्रे वाचून दाखवत होते, असे त्यांच्यातील जे वाचले त्यांनीच मला सांगितले आहे.

क्षय अजून गेलेला नाही, म्हणूनही हा इतिहास जपण्याची गरज आहे. औषधे मोफत आहेत, क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेतील मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे. झारखंडमधील रुग्णांच्या कुटुंबीयांना अधिक अन्नधान्य देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. दुधा-अंड्यांवर भर देणाऱ्या जुन्या डॉक्टरांना आजार बरा करण्याचे साधन सापडले नव्हते, परंतु अन्नाचे महत्त्व त्यांनी ओळखले होते. लक्षणे लपवण्याची सवय मात्र आजही आपल्या गावांत तशीच आहे, आणि ‘भूतबंगला’ यासारखे शब्द तिला बळ देतात.

म्हणून जिल्हा प्रशासनास विनंती आहे की, अशा कोणत्याही वास्तूची पाडापाडी किंवा हस्तांतर करण्यापूर्वी तेथे उरलेली रुग्णनोंदवही, आहाराच्या वह्या, आवक-जावक दप्तर आणि छायाचित्रे ताब्यात घेऊन, रुग्णांची नावे गुप्त ठेवून, अभिलेखागारात जमा करावीत आणि जागेवर कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत माहितीफलक लावावा. आपल्या दैनिकासही विनंती आहे की, ज्यांनी किंवा ज्यांच्या घरच्यांनी आरोग्यधामात उपचार घेतले अथवा नोकरी केली, अशा वाचकांच्या आठवणींसाठी रविवारच्या अंकात काही आठवडे जागा द्यावी. हे लोक आता ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांना लिहिणे शक्य नाही त्यांच्याकडे जाऊन आठवणी लिहून आणण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त हेल्थ व्हिजिटर,
चिकोडी, जि. बेळगाव