पूल पडला तरी चालेल असा तास

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वर्गात खेळच खेळवत राहिलीस तर ही मुलं इंजिनिअर कधी होणार?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ट्रस, म्हणजे दांड्या त्रिकोणांत जोडून केलेला पुलाचा सांगाडा, शिकवायचा म्हणजे फळ्यावर आकृती, एकेका जॉइंटची (दांड्या जुळतात त्या सांध्याची) समीकरणं, आणि उत्तर पुस्तकातल्या मागच्या पानाशी जुळलं की वही बंद. चुकलं असतं तर पूल नेमका कुठे मोडला असता, हे कुणाला दिसतच नाही. म्हणून मी ब्रिज डिझायनर नावाचं सॉफ्टवेअर वापरते. वेस्ट पॉइंटच्या अमेरिकन लष्करी अकादमीत शिकवणाऱ्या स्टीफन रेसलर यांनी ते तयार केलं आणि ते फुकट मिळतं. स्क्रीनवर पूल आखायचा, प्रत्येक मेंबरचं, म्हणजे दांडीचं, मटेरियल आणि जाडी ठरवायची आणि वरून ट्रक सोडायचा. दाबाखालचे मेंबर लाल होतात, ताणाखालचे निळे. भार पेलला नाही तर पूल डोळ्यांदेखत कोसळतो. ट्रक पार गेला पाहिजे आणि खर्च कमीत कमी हवा, एवढंच.

एका मुलीचा वरचा लांब मेंबर सारखा वाकून निकामी होत होता. तिने तो जाड केला, तर खर्च वाढला. मग मध्ये जॉइंट घालून त्याला खालून आधार दिला, आणि मेंबर बारीक ठेवूनही पूल टिकला. लांबी निम्मी झाली की बारीक मेंबर चौपट दाबापर्यंत वाकत नाही, हे ऑयलरचं सूत्र तिला पाठ होतं. तरी ती धावत आली, "मॅडम, बारीक मेंबर कसा काय टिकला?" असं विचारत. हा प्रश्न तिचा स्वतःचा होता, बाबा. त्यासाठीच मी हा खटाटोप करते.

आई, तू म्हणालीस की बक्षिसं ठेव, पहिल्या नंबराचं नाव फळ्यावर लिही. तिथे मात्र मी फार जपून आहे. 1973 साली अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी प्रशस्तिपत्रक कबूल केलं, आणि नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॅजेस आणि क्रमवारीचा तक्ता लावलेल्या वर्गाचा उत्साह सत्रभरात ओसरला. म्हणून माझ्याकडे तक्ता नाही. हवे तितक्या वेळा पूल पाडा, त्याचे गुण कापत नाही. गुण मिळतात ते आधी कोणता मेंबर जाईल आणि का, हे लिहून दाखवल्याबद्दल. हाताने समीकरणं सोडवणंही सुटलेलं नाही.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात. विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासून 2014 मध्ये एक निष्कर्ष मांडला गेला: नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के, आणि मुलं स्वतः काही करतात त्या वर्गांत 22 टक्के. हे फक्त खेळांबद्दल नाही, पण माझा भरवसा त्याच गोष्टीवर आहे.

सॉफ्टवेअरची लिंक पाठवते आहे. दोघं मिळून एक पूल आखा आणि खर्च किती आला ते कळवा. आई, गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस.

तुमची लेक