ताजी पातळी वर दिसू द्या

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मा. मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीतून लिहितोय. आपल्या कार्यालयात मराठी वाचणारं कुणीतरी सापडेलच. नाहीच सापडलं तर निदान इथले लोक वाचतील.

मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. जुलै लागला की आमच्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. शाळेतल्या पोरालाही हे पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. त्या आठवड्यात आम्ही चौघांनी एका मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावर ग्रुप काढला. नियम दोनच होते. पोस्टच्या सुरुवातीला वेळ टाकायची आणि ऐकीव काही लिहायचं नाही. 'दुपारी ३.१०. जामदार क्लबजवळ पाणी रस्त्यावर.' 'सायं. ५.४०. गंगावेशीत दूध मिळतंय.' एवढंच. म्हशी कुठं बांधू म्हणून एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं आपल्या गोठ्याचा पत्ता द्यायचा. २०२१ ला पुन्हा महापूर आला तेव्हा ग्रुपात हजारोंनी लोक होते, आणि आम्ही चौघं पाळी लावून रात्रभर पोस्टी तपासत होतो. पगार कुणालाच नव्हता. कुणी मागितलाही नाही.

दोन पावसाळ्यांमागची संध्याकाळ. शेजारच्या काकू धावत आल्या. "अरे, एक्केचाळीस झालंय म्हणे, सामान माळ्यावर टाकू काय?" त्यांच्या फोनवर सगळ्यात वरची पोस्ट खरोखरच ४१ फुटांची होती, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची. पण होती तीन दिवसांपूर्वीची. तिच्याखाली तीनशेवर प्रतिक्रिया. पाणी सोडायला उशीर केला इथून सुरुवात होऊन गाडी दोन तालमींच्या जुन्या भांडणावर गेलेली. अर्ध्या तासापूर्वीची पोस्ट, ३७ फूट आणि उतरतंय, बोटानं खाली सरकवत सरकवत शोधावी लागली. मधे काय काय होतं? पाच मिनिटांत कर्ज, घरबसल्या कमाई, आणि 'पूरमुक्त एनए प्लॉट'. नदीचं पाणी उतरलं होतं, काकूंच्या फोनमध्ये मात्र चढतच होतं.

ताज्या पोस्टी आधी दाखवा, असं एक बटण त्या ॲपात आहे. तीन ठिकाणी बोट घातल्यावर सापडतं. ॲप बंद करून उघडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यात कुणी बसून दुष्टपणा करतंय असं मी म्हणत नाही. हा हिशेब आहे. भांडण रंगलं की माणूस थांबतो, थांबला की जाहिराती बघतो. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली, तेव्हा कळलं की २०१७ पासून तिथं पोस्टी वर-खाली लावताना रागाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. पुढं त्यांनीच ते शून्यावर आणलं. आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीचं वजन काट्यावर खोटं दाखवलं तर त्याला काटामारी म्हणतात. आंदोलनं होतात, वैधमापन खात्याची माणसं काटा तपासायला येतात. या दुसऱ्या काट्याजवळ कोण जातं?

आजार जुना आहे, हे मलाही ठाऊक आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डाची जाहिरात यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यातल्या, हजारो गटांत एकदम ओतली होती. पण ते बाहेरून घुसले होते. आता चावडीचा मालकच चावडी विकायला बसलाय. रेडिट या चर्चागटांच्या संकेतस्थळानं २०२३ मध्ये, तिथला मजकूर दाखवणाऱ्या बाहेरच्या ॲपवाल्यांना जबर दर लावले. गट सांभाळायला फुकट राबणाऱ्या मॉडरेटरांनी हजारो गट काही दिवस बंद ठेवले. बरेच ॲपवाले संपले ते संपलेच, आणि २०२४ च्या मार्चमध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. ऊस आमचा, तोडणी आमची, काटा त्यांचा.

आमच्या ग्रुपाचं पुढं काय झालं तेही सांगतो. चौघांपैकी एकानं तो विकला. नाव घेत नाही, रोज चहाला भेटतो. एका रात्रीत नाव बदललं, आम्हा तिघांचे अधिकार गेले, आणि पातळीच्या जागी रमीच्या लिंका आल्या. सभासदांना कुणी विचारलं नाही की कळवलं नाही. मी तक्रार केली. आपल्या २०२१ च्या आयटी नियमांत तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं होतं. पोच मिनिटात आली, निकाल दुसऱ्या दिवशी: आमच्या धोरणाचा भंग आढळला नाही. मुदत पाळली म्हणायची.

त्याच नियमांत, कुणी पैसे देऊन मजकूर वर आणला तर मोठ्या माध्यमानं तसं स्पष्ट दाखवावं, असं कलम आहे. चांगलंच आहे. पण कंपनी स्वतःच्या कमाईसाठी एखादं भांडण वर उचलते तेव्हा ते तसं दाखवायला कोण सांगतं? युरोपीय महासंघाच्या डिजिटल सेवा कायद्यात, साडेचार कोटींवर वापरकर्ते असलेल्या माध्यमांना, माणसाच्या सवयी न वापरता मजकूर लावण्याचा एक तरी पर्याय द्यावा लागतो. माझं मागणं त्याहून थोडं पुढचं आहे. ग्रुप उघडला की तो वेळेच्या क्रमानं उघडावा. ज्याला दुसरा क्रम हवा त्यानं बटण शोधावं. आणि ग्रुपाचा ताबा बदलला की प्रत्येक सभासदाला कळवावं, बाहेर पडायला मोकळीक द्यावी.

कुणाची पोस्ट काढा, कुणाचं तोंड बंद करा, असं मी अजिबात मागत नाही. ते काम सरकारला फार लवकर जमतं. २०२३ च्या जूनमध्ये इथं स्टेटसवरून दंगा झाला तेव्हा अख्ख्या जिल्ह्याचं नेट एका आदेशात बंद झालं होतं. त्यात भांडणाऱ्यांबरोबर दवाखान्याचा नंबर शोधणारेही अडकले. मी फक्त काटा तपासा म्हणतोय.

सध्या मी पातळी तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहितो, आधी वेळ, मग फूट-इंच. परवा कुणीतरी फळ्याच्या मधोमध क्लासची जाहिरात चिकटवली होती. ओल्या फडक्यानं दोन मिनिटांत निघाली.

आपला,
शुक्रवार पेठेतील एक रहिवासी,
कोल्हापूर